होडीचा हात

नदीकाठच्या त्या गावात दोघा भावांना नावाने कोणी हाक मारत नसे. एक थोरला, एक धाकटा, झालं. आणि त्यांची बहीण ती अख्ख्या गावाची ताई. तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा तिला ताईच म्हणायची आणि तिचं ऐकायची. आई धाकट्याच्या बाळंतपणात गेली, बाप होड्या बांधता बांधता छातीच्या दुखण्याने गेला, आणि मागे राहिलेला पसारा कुणी न विचारता हिच्या गळ्यात पडला. तिने तो मुकाट्याने ओढला असं मात्र कुणी समजू नये. ती दिवसभर बडबडायची, भांडी आपटायची, दोघांना उभे-आडवे बोल लावायची. आणि रात्री दोघांची पांघरुणं सारखी केल्याशिवाय स्वतः आडवी व्हायची नाही.

बापाची शेड थोरल्याने चालवली. तो लाकूड बघायचा, ताई शिडं शिवायची. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून जाड सुई कापडातून रेटायची, तेव्हा तिच्या तोंडात दोरा असायचा आणि तेवढा वेळ तरी घरात शांतता असते, असं धाकटा म्हणायचा. धाकटा होडी चालवायचा. कामात आळशी, बोलण्यात पुढे, पण एकदा सुकाणूवर बसला की बघत राहावं. त्याला नीट चालता येत नव्हतं तेव्हाच ताईने त्याला मांडीवर घेऊन सुकाणूचा दांडा त्याच्या मुठीत दिला होता. सुकाणूचं सगळंच उलटं असतं. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, उजवीकडे ढकलला की डावीकडे. नवख्याची त्यात भंबेरी उडते. या घरातल्या मुलांना मात्र दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

खिळ्यांच्या पुडक्याला गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रात थोरल्याने एकदा उडणाऱ्या यंत्राचं चित्र पाहिलं आणि त्या दिवसापासून तो कामातून गेला. जेवताना ताटात काड्या मांडून पंख करायचा. होड्यांची गिऱ्हाइकं दारात उभी आणि हा माळ्यावर चढून घारी बघतोय. माळ्यावर चढणं ही त्याची मोठीच बहादुरी, कारण त्याला शिडीच्या चौथ्या पायरीवर घेरी यायची. लोकांना हसायला एवढं पुरे झालं. ज्याला शिडी झेपत नाही तो आभाळात जायला निघालाय! थोरला हसण्यावारी न्यायचा नाही. तो आतल्या आत कुढायचा, आणि रंध्याखालून निघणारी साल आणखी पातळ काढायचा.

यंत्र झालं. एकदम नाही झालं. पहिलं चिखलात रुतलं, दुसऱ्याची चाकं मोडली. पण होडी बांधणाऱ्या माणसाला हलकं आणि मजबूत म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. पंखांवर ताईने शिडासारखंच कापड ताणून शिवलं आणि वर वार्निशचे हात दिले. ते वाळलं की कापड ढोलकीसारखं वाजायचं. चालवायला धाकट्याशिवाय कोण? त्याच्यासाठी थोरल्याने बसायच्या जागेपुढे एक दांडा बसवला आणि त्याच्या तारा पंखांना अशा जोडल्या, की दांडा डावीकडे नेला की विमान उजवीकडे कलावं. होडीसारखं. जगात इतर ठिकाणी लोक हे सरळ जोडतात, हे तेव्हा त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्याने हेच केलं असतं. धाकट्याचा हात होडीचा होता.

पहिल्यांदा ते नदीवरून उडालं तेव्हा काठावरच्या बायका ओरडल्या, कुत्री पळाली, आणि थोरला गवतात बसून लहान मुलासारखा रडला. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि वर बघत ती खच्चून ओरडली, "अरे, खाली ये आता! जेवण निवतंय!"

दोन-तीन वर्षांत होड्यांच्या शेडच्या जागी कारखाना उभा राहिला. हसणारे लोकच आता तिथे कामाला होते. मग सरकारी अधिकाऱ्यांचा निरोप आला. विमान चांगलं आहे, आम्ही बरीच घेऊ, पण चालवण्याची पद्धत सगळीकडे असते तशी पाहिजे. दांडा डावीकडे, तर विमान डावीकडे. मागणी वाजवी होती. उद्या भलताच माणूस बसला आणि उलटं चालवून मेला तर? थोरल्याने नव्या विमानात दोन तारांची अदलाबदल केली. एवढंच काम. सकाळी सुरू केलं आणि दुपारच्या चहापर्यंत संपलं.

धाकट्याचं काम मात्र संपेना. तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसायचा, गुडघ्यांमध्ये झाडूचा दांडा उभा धरायचा आणि ताई चुलीपाशी उभी राहून ओरडायची, "डावं! उजवं! उजवं! डावं!" सावकाश विचारलं तर बरोबर. घाईत विचारलं की हात उलटा. चुकला की तो खुर्चीसकट लवंडायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "गेलो, ताई. पाहुण्यांना चहा कर." ताई हातातलं फडकं त्याच्या तोंडावर मारायची. दोघंही हसायची, काय करणार?

पण एके दिवशी जेवताना तो हसला नाही. "दादा," तो म्हणाला, "मला थोडे दिवस दे. डोक्याला कळलंय, हाताला अजून कळत नाहीये."

"हात काय भाड्याने आणलायस?" थोरला म्हणाला. "नवं विमान चार वेळा उडवलंस की. झालं काय तेव्हा?"

"तेव्हा वारा नव्हता. विचार करायला वेळ होता." धाकट्याने ताट बाजूला सारलं. "असं करू या. त्या लोकांना जुनं विमान उडवून दाखवतो. विकताना तारा बदलून देऊ म्हणून सांग."

"म्हणजे ते म्हणतील, होडीवाल्यांनी होडीच आणली. नको. तारीख ठरली आहे, माणसं निघाली आहेत. आता नाही म्हटलं तर पुन्हा कुणी फिरकणार नाही इकडे."

धाकट्याने ताईकडे बघितलं. ताईने तिथे मध्ये पडायला हवं होतं. एक डोळा वटारला असता तर थोरला गप्प बसला असता. त्या घरात आजवर तसंच होत आलं होतं. पण त्या दिवशी एका पंखाची शेवटची शिवण राहिली होती आणि तिचं निम्मं लक्ष तिकडे होतं. "तुम्ही दोघं काय ते ठरवा बाई," ती म्हणाली आणि उठली. पुढे आयुष्यभर हे वाक्य तिला स्वतःच्याच आवाजात ऐकू येत राहिलं.

ठरल्या दिवशी अधिकारी आले. मैदानाच्या कडेला त्यांच्यासाठी खुर्च्या टाकल्या होत्या. धाकटा वर गेला, वळला, पुन्हा वळला, आणि थोरल्याचा चेहरा उजळत गेला. खुर्च्यांमधून कुणीतरी टाळी वाजवली. मग विमान उतरायला खाली आलं, अगदी झाडांच्या उंचीवर, आणि नदीकडून वाऱ्याचा एक झोत आला.

उजवा पंख उचलला गेला. विमान डावीकडे कललं. ते सावरायला दांडा उजवीकडे न्यायचा होता. एवढ्या खालून बघताना बसलेल्या माणसाचा कोपर दिसतो, आणि ताईला तो दिसला. तो डावीकडे गेला. वाऱ्यात होडी कलंडायला लागल्यावर जसा जातो तसा, विचार न करता, चपळ, सुंदर. ताईनेच शिकवला होता तसा. डावा पंख जमिनीला लागला.

लोक धावले. ताई धावली नाही. तिने वळून थोरल्याकडे पाहिलं, थोरल्याने तिच्याकडे पाहिलं, आणि अख्ख्या मैदानात काय झालं ते फक्त या दोघांना कळलेलं होतं.

धाकट्याला घरी आणलं तेव्हा त्याच्या अंगावर फारशी जखम नव्हती. झोपल्यासारखा दिसत होता, असं लोक म्हणाले. लोकांना काहीतरी म्हणावं लागतं. तो झोपेत कधीच इतका नीटनेटका नसायचा.

पुढच्या आठवड्यात चौकशी झाली. कारखान्याच्याच एका खोलीत टेबल मांडून दोन अधिकारी बसले. मोडकं विमान त्यांनी बारकाईने तपासलं होतं. लाकूड ठीक, तारा ठीक, शिवण कुठे उसवलेली नाही. ताई दाराशी स्टुलावर बसली होती. त्यातल्या वयस्कर अधिकाऱ्याने थोरल्याला हळू आवाजात विचारलं, "या पद्धतीच्या दांड्यावर चालवणाऱ्याचा हात पुरेसा बसला होता का?"

थोरल्याने टेबलाकडे बघितलं. बाहेर कामगार घोळका करून उभे होते. कारखाना राहतो की जातो, एवढंच त्यांच्या तोंडावर होतं.

"हो," थोरला म्हणाला.

झालं. यंत्रात दोष नाही, चालवणाऱ्याचा गोंधळ उडाला, असं ठरलं. विमानं घ्यायचंही ठरलं.

घरी आल्यावर ताईने दार लावून घेतलं. "परत जा," ती म्हणाली. "ते लोक अजून गावात आहेत. जा आणि सांग, त्याने वेळ मागितला होता आणि मी दिला नाही म्हणून. जुनं विमान दे म्हणाला होता, तेही सांग."

"ताई, एवढी घरं कारखान्यावर चालतात."

"मग? ते काय कारखान्याला कुलूप लावणार होते? तुला दोन शब्द ऐकवले असते, एवढंच."

थोरला भिंतीला टेकून खाली बसला. "उद्या सांगतो," तो म्हणाला. "आज नाही गं बोलवत. उद्या नक्की."

दुसऱ्या दिवशी अधिकारी निघून गेले आणि थोरला अंथरुणातून उठलाच नाही. मग ताई स्वतः गाडी पकडून शहरातल्या त्यांच्या कचेरीत गेली. तिथल्या माणसाने तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तुमचं दुःख कळतंय. पण मालकांनी स्वतः सांगितलंय, हात बसला होता म्हणून. ते खुद्द येऊन वेगळं बोलले तर बघता येईल." तो माणूस वाईट नव्हता. तो बरोबरच बोलत होता, म्हणून तर ताईला त्याच्याशी भांडताही येईना.

परत आली ती अबोला धरूनच. साधासुधा अबोला नव्हे. घर एक, चूल एक, आणि थोरल्याशी अक्षर नाही. जेवण वाढलं की ती दाराला सांगायची, "वाढलंय म्हणावं." थोरला मांजराला विचारायचा, "मीठ कुठंय म्हणावं?" आणि ताई मांजरालाच उत्तर द्यायची. नव्या माणसाला हसू आलं असतं. जुन्यांना येत नव्हतं. तो खरं सांगेपर्यंत ही बोलणार नव्हती, आणि ते त्यालाही पक्कं माहीत होतं.

कारखान्यात मात्र ती जात राहिली. पंख शिवत राहिली, दुसऱ्या बायकांना शिकवत राहिली. थोरल्यावरचा राग सुईत उतरू द्यायचा नाही, एवढं तिने सांभाळलं. त्या पंखांवर उडणाऱ्यांनी तिचं काय वाईट केलं होतं?

थोरल्याला एक खोड लागली. विमान चालवायला जो कोणी नवा येईल त्याला तो जमिनीवरच, एका मोडक्या खुर्चीत दांडा हातात देऊन बसवायचा आणि स्वतः समोर उभा राहून घाईघाईने ओरडायचा, डावं, उजवं, डावं. तासन् तास. माणूस कंटाळून शिव्या द्यायच्या बेताला यायचा तरी सोडायचा नाही. मालकाचं डोकं फिरलंय, असं ते आपसात म्हणायचे. त्याच्या कारखान्यातून निघालेल्या विमानावर हात उलटा पडून पुन्हा कुणी मेलं नाही, हेही खरं. ताईला ते ओरडणं शिवणखात्यात ऐकू यायचं. ती उठून खिडकी लावून घ्यायची.

आणि धाकट्याचं काय झालं? तो गावात मस्तीखोर म्हणून उरला. बाजारात एखादी आई पोराला दटावायची, "त्या विमानवाल्याच्या भावासारखी अंगात मस्ती करशील तर बघ." चांगलं यंत्र होतं, भावाने जीव ओतला होता, आणि याने शेखी मिरवायच्या नादात घालवलं. ज्यांनी त्याला पाहिलंही नव्हतं ती माणसं हे छातीठोक सांगायची. ताई सुरुवातीला भांडली. एकीला तर तिने भाजीच्या टोपलीने मारलं. मग वय झालं, मारायला हात उचलेना. तिच्या मनात एकच उरलं, मरायच्या आधी थोरल्याने हे चारचौघांत निस्तरावं.

वर्षं गेली. लाकडी विमानांचा जमाना संपला, एका मोठ्या कंपनीने कारखाना घेतला, तिथे पत्र्याची यंत्रं यायला लागली. भाऊ-बहीण म्हातारी झाली. दोघांनीही लग्न केलं नव्हतं; करायचं राहूनच गेलं. थोरल्याची नजर गेली. ताई त्याला जिन्यावरून हाताला धरून उतरवायची, ताटात घास कुठे आहे ते बोट धरून दाखवायची. बोलायची मात्र नाही.

मग एका दुपारी वर्तमानपत्राचा माणूस आला. तरुण, नम्र, नवा कोट घातलेला. या भागात पहिलं विमान बनवणाऱ्यावर त्याला मोठा लेख लिहायचा होता. थोरल्याने आधी चित्राचं सांगितलं, घारींचं सांगितलं, घेरी येण्याचंही सांगितलं. तो माणूस हसला. मग थोरला खुर्चीत पुढे सरकला.

"आता लिहून घ्या," तो म्हणाला. "माझ्या भावाची चूक नव्हती. त्याने माझ्याकडे दिवस मागितले होते. मी हट्टाने दिले नाहीत. चौकशीत मला विचारलं, त्याचा हात बसला होता का, आणि मी हो म्हणालो. खोटं बोललो. तो फार चांगला चालवायचा. त्याच्यासारखा मी नंतर कुणी पाहिला नाही."

ताईच्या हातातून चहाची बशी निसटली. फुटली ती तिने तशीच राहू दिली. भरल्या घरातून धाकटा गेल्यापासून ती या वाक्यांची वाट बघत होती आणि आता ती आली तेव्हा तिला मोठ्याने रडावंसं वाटलं, नाचावंसंही वाटलं.

त्या तरुणाचे डोळे पाणावले. त्याने वही मिटली आणि थोरल्याचा हात हातात घेतला. "केवढं मोठं मन आहे तुमचं," तो म्हणाला. "इतक्या वर्षांनीही भावाला जपताय."

"जपत नाही. खरं सांगतोय."

"हो हो. समजतं मला."

ताई त्याच्यामागे फाटकापर्यंत गेली. तिने त्याची बाही धरली. "अरे, ते खरंच आहे रे. मी समोर होते. तो म्हणाला तसंच लिही."

"आजी," तो अगदी मायेने म्हणाला, "मी चौकशीचे जुने कागद वाचून आलोय. तुम्ही बहीण आहात, तुम्हाला असंच वाटणार. काळजी करू नका, छान लिहितो." त्याने वाकून नमस्कार केला आणि तो गेला.

ते छापून येईपर्यंत ताईने अबोला सोडला नाही. रविवारी लेख आला. अर्धं पान, थोरल्याचा मोठा फोटो. ताईने तो फाटकापाशीच उभ्याने वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. धाकट्या भावाची जीवघेणी बेपर्वाई प्रेमापोटी आयुष्यभर स्वतःच्या अंगावर घेत आलेला दिलदार माणूस, असं त्यात लिहिलं होतं. आजवर जे बाजारात बोललं जायचं ते आता छापून आलं होतं. ज्या गावांत कुणाला ठाऊक नव्हतं तिथेही आता कळलं.

थोरला खिडकीशी बसला होता. कागदाची सळसळ ऐकून त्याने मान वळवली. मांजर केव्हाच मेलं होतं, त्यामुळे तो नुसता हवेत म्हणाला, "आलाय का म्हणावं लेख? काय लिहिलंय म्हणावं?"

ताई त्याच्यासमोर बसली. त्याचा चेहरा तिच्याकडे होता, डोळे भलतीकडेच. किती बारीक झाला होता हा. खोटं बोलल्याच्या दिवसापासून या माणसाला पोटभर जेवताना तिने पाहिलं नव्हतं. त्याला खरं सांगितलं तर हा पुन्हा पत्रं लिहायला लावेल, पुन्हा कुणाला तरी बोलावेल, पुन्हा ते त्याला थोर म्हणून निघून जातील, आणि हा तसाच मरेल.

"वाचते," ती त्याच्याशी बोलली. "ऐक."

तिचा आवाज स्वतःकडे आलेला ऐकून थोरल्याने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"विमान चालवणाऱ्या धाकट्या भावाची यात काहीही चूक नव्हती," ताईने पेपर समोर धरून वाचलं. "त्याने सरावाला वेळ मागितला होता. तो मिळाला नाही. चौकशीत खोटी माहिती दिली गेली. तो अतिशय कसलेला चालक होता. इतक्या वर्षांनी त्याच्यावरचा ठपका आज पुसला जात आहे."

थोरल्याच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. त्याने ते पुसलं नाही. "म्हणजे कळलं सगळ्यांना?"

"कळलं."

"बाजारात बोलतायत का?"

"सकाळपासून तेच चाललंय."

मग चाचरत, लहानपणी काही फोडलं की विचारायचा तसं त्याने विचारलं, "ताई, धाकट्याचा माझ्यावरचा राग गेला असेल ना गं?"

"गेला रे," ताई म्हणाली. "कधीच गेला."

"पुन्हा वाच ना एकदा."

धाकट्याला आता कोणीच सोडवणार नव्हतं. जो सोडवू शकत होता तो समाधानाने समोर बसला होता, आणि त्याला तसं बसवून तिनेच धाकट्याला कायमचं मागे टाकलं होतं. तिने मनातल्या मनात धाकट्याची माफी मागितली, पेपर सरळ केला, आणि आधी आपण काय म्हटलं होतं ते नीट आठवून पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.